पन्नासावजींचा डावा हात

सन एकोणीसशे शहात्तर. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि गावातल्या पारासमोरून जाणं मी सोडून दिलं होतं.

आमचं गाव अनसिंगच्या बाजूचं, टेसनापासून पायी तासाभराच्या वाटेवर. गावातून टेसनाकडं अन् आमच्या वावराकडं जायचा रस्ता एकच, आणि तो पारासमोरून जातो. पारावर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. म्हणून मी गोठ्यामागून निघायचो, मग नाल्यातून, मग मसणवटीच्या कडेनं, असा वळसा घालून वावरात जायचो. लोक विचारायचे, "काय गा बळीराम, रस्ता सुधरत नाई काय?" मी म्हणायचो, "इकडून सावली लागते." मसणवटीत एक वाळकी बाभूळ होती. तिची सावली.

कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी कुजबुजायला नको. माझा बाप त्या वेळी अमरावतीच्या जेलात होता. वाशिमच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो चौकीदार होता. तिथून कापसाच्या गाठी चोरीला गेल्या आणि त्यात बापाचं नाव आलं. त्यानं ते केलं होतं की नव्हतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आता तो नाही. पण त्याला नेलं त्या दिवशी माझी मान जी खाली गेली, ती वर येईना. मी तसा ताठ माणूस. चौथीत मास्तरनं उगाच छडी मारली म्हणून दप्तर तिथंच टाकून घरी आलो, तो परत गेलो नाही. तेवढीच माझी शाळा. कधी कोणाचं ओझं डोक्यावर घेतलं नाही, कोणाच्या बांधावर मजुरीला गेलो नाही. अशा माणसाची मान खाली गेली की ती फार दुखते.

त्या सालात ज्या माणसानं माझी मान वर केली, तो माणूस स्वतः पाच फुटांचा होता.

पन्नासावजी. पूर्ण नाव पन्नालाल, पण त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. कारंजाचे जैन. थोरल्या भावाचं किराण्याचं दुकान, बापजाद्यापासूनची गादी. पण ह्यांचं मन तागडीत लागलं नाही. कुठूनसं घरगुती पिच्चरचं यंत्र पैदा केलं आणि वाशिमला एक खोली घेऊन राहिले. धोतर, काळी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. अंगाला यंत्राच्या तेलाचा आणि हिंगाचा मिळून एक वास यायचा. खिशात पांढऱ्या फडक्याची घडी असायची. कोणाच्याही घरी पाणी दिलं की आधी ते फडकं तांब्यावर धरायचे, गाळायचे, मग प्यायचे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. माझी माय म्हणायची, "सावजी, तुमच्यासाठी रांदणं म्हंजे काय रांदू नाई तेच आठोनं हाय."

टाकीत, म्हणजे थेटरात, जे पिच्चर लागतात त्यांचं रीळ मोठं. त्याच पिच्चरचं वर्ष-दोन वर्षांनी लहान रीळ निघायचं, घरी दाखवायचं. ते डबे गाडीनं यायचे, आणि आमच्या भागात नवीन काय निघालं हे पहिल्यांदा पन्नासावजींना कळायचं. अनसिंगच्या बाजाराच्या दिवशी ते एका कापडवाल्याच्या पायरीवर बसत. माणसं जाता-येता विचारत, "काय निघालं सावजी नवीन?"

ते लगेच सांगत नसत. आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे.

"तीन निघाले. एक रडाचा, एक हाणामारीचा, एक देवाचा. तुह्या घरी म्हातारी हाय ना? मंग देवाचा ने."

"रडाच्यात काय हाय?"

"रडनं हाय."

"शेवट काय होते?"

"शेवट इथंच सांगतला तं मी तुह्या घरी कायले येऊ?"

आता त्यांची खोड सांगतो. दिवस मावळल्यावर हा माणूस यंत्राचा दिवा लावत नसे. पिच्चरवाला आणि रात्री दिवा लावत नाही, म्हणजे न्हाव्यानं वस्तऱ्याला हात न लावण्यासारखं. पण ते म्हणायचे, "रात्री दिव्यावर पाखरं येतात बावा. जळून मरतात. तुमची तीन तास मजा, अन् मले जलमाचं पाप." शिवाय त्यांचं जेवण दिवस असतानाच. सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. तेव्हा पिच्चर भर दुपारी. आणि भर दुपारी पिच्चर म्हणजे भर दुपारी घरात रात्र करणं आलं.

ते काम ते स्वतः करत. दाराला गोधड्या, खिडक्यांत पोती, फटींत चिंध्या. आमच्याकडं घरावर टिनं. टिनाला भोकं. एखादं भोक राहिलं तर पडद्यावर हिरोच्या बरोबर कपाळावर चांदणी पडायची. म्हणून पन्नासावजी शिडी लावून वर चढायचे आणि एकेका भोकात कापसाचा बोळा घालायचे. खाली बायका हसायच्या, "सावजी घराच्या कानात कापूस घालून राह्यले." मग चाळीस-पन्नास माणसं त्या घरात कोंबायची. घाम, पोट्ट्यांची रडारड, तंबाखूचा वास. आणि समोर पडदा म्हणून बांधलेल्या धुतलेल्या धोतरावर एकदम समुद्र. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. म्हाताऱ्या पाय वर घ्यायच्या.

विजेची वायर जानरावच्या पिठाच्या गिरणीतून ओढायची. पिच्चर चालू असताना गिरणी बंद ठेवायची असा करार. पण जानरावची बायको कोणाच्या पायलीभर दळणाला नाही म्हणत नसे. मग गिरणी चालली की वीज कमी पडून गाणं म्हणता म्हणता हिरोईन काळी पडायची, तिचा गळा रेड्यासारखा व्हायचा, आणि सारं घर ओरडायचं, "अबे जानराव!" जानराव आमच्यातच बसलेला. तो अंधारातूनच ओरडायचा, "मी नाई बे, ती!"

पण पन्नासावजींचं नाव झालं ते ह्या कशानं नाही. त्यांचं नाव झालं त्यांच्या डाव्या हातानं.

त्याचं मूळ त्यांच्या घरातच होतं. यंत्र घेतल्यावर पहिला पिच्चर त्यांनी आईला दाखवला. त्यात राजा शिकारीला निघाला आणि हरणावर बाण धरला. म्हातारीनं डोळे मिटले. सावजींनी बाण सुटायच्या आत यंत्राच्या काचेसमोर डावा हात धरला. पडदा काळा झाला. हरीण मेलं असेल तर ते अंधारात मेलं, म्हातारीच्या समोर मेलं नाही. तेव्हापासून तो हात तिथंच राहिला. नवीन पिच्चर आला की ते आधी एकटे बसून पाहत. मग ज्या घरी लावायचा त्या घरची चौकशी करत, "घरात कोण हाय? यंदा काय झालं? कोणाले काय लागन?" ज्या घरचं पोर विहिरीत गेलं, तिथं विहीर झाकायची. ज्या घरात सवत, तिथं सवतीचं भांडण. आवाज चालूच राहायचा, फक्त चित्र जायचं. हात बाजूला झाला की गोष्ट पुढं सरकलेली असायची. पोट्टे त्यांना झाकणसावजी म्हणत. ते ओ देत.

हे सगळं चांगल्या मनानं. पण गावाचं मन काय असतं तुम्हाला माहीत आहे. लोक पिच्चर कमी आणि हात जास्त पाहू लागले. कोणाच्या घरी हात कुठं पडला, ही संध्याकाळची बातमी व्हायची. शाळेवर एक मास्तर होते, गंधटिळा लावणारे. त्यांच्या घरी पिच्चर झाला आणि दारूच्या बाटलीवर हात पडला. एकदा नाही, जेवढ्या वेळा बाटली आली तेवढ्या वेळा. दिवेलागणीपर्यंत साऱ्या गावाला कळलं की मास्तर पितात. सावजी त्या दिवशी आमच्या ओसरीवर बसून कपाळाला हात लावून म्हणाले, "मी झाकलं अन् तेच उघडं पडलं, बळीभाऊ. आता काय करू? नाई झाकत म्हनलं तं हात आयकत नाई."

एकाच बाईनं तो हात परत पाठवला. सखूमावशी, आमच्या शेजारची. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिच्या दिराच्या घरी पिच्चर होता. त्यात एका बाईचं कुंकू पुसायची वेळ आली आणि पडदा काळा झाला. पाठीमागून सखूमावशीचा आवाज आला, "सावजी, हात काढा."

सावजी म्हणाले, "माय, थोडंसंच हाय. आत्ता जाईन."

"काढा म्हंते ना. माहं पुसलं तवा कोनी हात धरला नाई. आता ह्या पडद्यावरच्या बाईचं काय झाकता? पाहू तं द्या, तिले तरी बराबर रडता येते काय."

हात निघाला. सखूमावशीनं सगळं पाहिलं, आणि जाताना म्हणाली, "नाई येत."

सावजी ही गोष्ट पुष्कळदा सांगत आणि शेवटी म्हणत, "हात कवा ठेवाचा ते मले समजते. कवा काढाचा ते त्या बाईनं शिकवलं. पन पुरं नाई शिकलो."

माझ्या बहिणीची, सुमनची सोयरीक त्याच साली आसेगावला जुळत आली. पोरगा भला होता. बाप नसलेला, मामानं वाढवलेला. तो मामा गुलाबराव, जाड मिशीचा, मोठ्या आवाजाचा आणि बारीक नजरेचा माणूस. पहिल्या बैठकीतच त्यानं विचारलं, "पोरीचा बाप कुठी हाय?"

माय म्हणाली, "अमरावतीले हायेत. कामाले."

ती तशी खोटं बोलली नव्हती. तिथं त्याला कामाला लावलंच होतं. पण मी खाली बघत होतो ते बघतच राहिलो. गुलाबमामानं साखरपुड्याचं विचारलं, "साक्षगंधाले तरी येईन ना?" माय म्हणाली, "सुट्टी भेटली तं येतीन." मला ते ऐकून घाम फुटला, आणि घाम फुटला की मला राग येतो. तेवढ्यात गुलाबमामा म्हणाला, "आमच्या आसेगावात पोरीच्या साक्षगंधाले बँड होता बरं. तुमच्याकडं काय असते?"

मी म्हणालो, "पिच्चर. नवा."

बाजाराच्या दिवशी सावजींच्या पायरीवर गेलो. ते म्हणाले, "देवाचा ने बळीभाऊ. पाहुन्याईले देवाचाच बरा."

"देवाचा साऱ्याईनं पाह्यला. मले सगळ्यात नवा पाहिजे."

"नवा एक हाय, पन त्याचे डबे अजून आले नाई. साक्षगंधाच्याच दिवशी सकाळच्या गाडीनं येतीन. मी पाह्यला नाई तो. न पाह्यलेला पिच्चर मी कोनाच्या घरी लावत नाई."

"माह्या घरी लावा."

"बळीभाऊ, आयक..."

"नसन लावत तं दुसरा पाहतो."

ते माझ्याकडं पाहत राहिले. नेहमीचा प्रश्न त्यांच्या ओठावर आला होता, घरात काय झालं, कोणाले काय लागन. तो त्यांनी गिळला. विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं असतं तर मी भांडलो असतो. न विचारल्यानं मला तिथं बाजारात, भर लोकांत, अंगावरचं फेडल्यासारखं झालं.

चैत्राचे दिवस होते. पाहुणे सकाळीच आले. दुपारी पिच्चर, ऊन उतरल्यावर साक्षगंध, रात्री मुक्काम असं ठरलं. सावजी टेसनावरून डबे घेऊन थेट आमच्याकडं आले, घाईघाईनं शिडीवर चढले, टिनाच्या भोकांत कापूस घातला. खाली जानराव पाहुण्यांना चहा देता देता गावाची थोरवी सांगत होता.

"आमचे सावजी म्हंजे काय वो! ज्या घरले जे सोसत नाई ते हातानं झाकतात. साऱ्या जिल्ह्यात असा मानूस नाई."

"असं?" गुलाबमामा म्हणाला. "म्हंजे हात पडला का समजाचं, दुखनं हाय."

"बराबर!" जानराव म्हणाला, आणि मग माझ्याकडं बघून घाईघाईनं दुसऱ्या पाहुण्याकडं वळला.

पिच्चर सुरू झाला. चांगला होता. एक शेतकरी, त्याची पोरगी, पोरगी शहरात शिकायला जाते, एका श्रीमंत पोराशी तिचं जमतं. बायका खूश होत्या. सुमन माजघराच्या दारात मायजवळ बसली होती. दुसऱ्या डब्यात त्या शेतकऱ्यावर आळ आला, पोलीस आले, गाव जमलं. मग पडद्यावर लोखंडी गज दिसले. गजांच्या आड कैद्याच्या पट्टेरी कपड्यात म्हातारा, आणि अलीकडं भाकरीचं गाठोडं घेऊन ती पोरगी.

आणि पडदा काळा झाला.

सावजींनी विचार करून ते केलं नव्हतं. पिच्चर त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. हात आपोआप गेला. काळ्या अंधारात पोरगी "बाबा, बाबा" करत रडत होती, किल्ल्या वाजत होत्या. अंधारात कोणाचं तोंड दिसत नाही म्हणतात. पण सारं गाव आपल्याकडं बघत आहे हे अंधारातही अंगाला कळतं. आत मायच्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या.

हात निघाला तेव्हा पोरगी रस्त्यानं एकटी चालली होती.

"काहून झाकलं वो सावजी?" गुलाबमामाचा आवाज आला. "जेलच तं होतं. जेल पाहून ह्या घरात कोनाले काय होते?"

नुसता यंत्राचा कटकट आवाज. माझ्या कानात ते यंत्र चालू आहे असं वाटत होतं. मनात म्हटलं, धरणी फाटावी, नाहीतर निदान जानरावच्या बायकोनं दळण तरी टाकावं.

"रीळ खराब हाय मामा," सावजी म्हणाले. "डाग हायेत."

"मले तं डाग दिसला नाई."

"दिसू नाई म्हनून तं हात धरला."

थोडा वेळ गेला. पिच्चरमधल्या वावरात गाणं सुरू झालं. पिवळी सरसों, ओढणी, सारं घर पुढं सरकलं. आणि पडदा काळा झाला.

"अरे!"

हात निघाला. विदूषक जिलबी खात होता. लोक हसायला लागले तोच पडदा काळा. मग बैलजोडी आली, निव्वळ बैलजोडी, रस्त्यानं जाणारी. तिच्यावर हात पडला. पोट्ट्यांनी शिट्या मारल्या. "झाकण काढा! झाकण काढा!" पाहुण्यांपैकी कोणी म्हणालं, "ह्या मानसाले दिसत नाई काय?" हिरो घोड्यावर बसला, हात. एक म्हातारी विहिरीवर पाणी भरते, हात. पहिल्यांदा गुलाबमामा दर वेळी विचारायचा, काहून, काहून. मग त्याला हसू आवरेना. मांडीवर थापा मारत तो म्हणाला, "येडं झालं हे सावजी! बैलबी झाकते! ह्या घरात बैलाचं काय दुखनं असन गा?"

जानरावला त्या दिवशी देवानं बुद्धी दिली. तो म्हणाला, "मागच्या साली यांचा ढवळ्या मेला ना!"

सारं घर हसलं. आत सुमनही हसली. मी मागं वळून पाहिलं. यंत्राच्या उजेडात सावजींचा डावा हात लालबुंद दिसत होता, बोटांची हाडंसुद्धा दिसतील असा. उजव्या हातानं त्यांनी डाव्या कोपराला खालून आधार दिला होता. घामानं टोपी भिजली होती. लोक त्यांना नावं ठेवत होते आणि ते शांतपणे पुढच्या चांगल्यात चांगल्या जागेची वाट पाहत होते, झाकायला. ज्या माणसानं आयुष्यात एक हरीणसुद्धा कारणाशिवाय झाकलं नव्हतं, तो माणूस माझ्या घरात गाणी झाकत होता, बैल झाकत होता, हसणं झाकत होता. तेव्हा मला समजलं, जेलवरचा तो एक हात गर्दीत हरवावा म्हणून हे बाकीचे हात होते. आणि समजलं तेव्हा बापाची लाज होती ती तशीच राहिली, तिच्यावर आणखी एक येऊन बसली.

पिच्चर संपला. गुलाबमामाचं हसणं थांबलं. तो म्हणाला, "सावजी, एक काम करा. ते जेलचं तेवढं परत लावा. हात न लावता. पाहू तं खरं काय डाग हाय."

बारीक नजर म्हटलं ना मी.

सावजींनी यंत्राचा दिवा विझवला. सगळा अंधार. त्या अंधारातून ते म्हणाले, "आता नाई होत मामा. दिवस बुडला. दिवस बुडल्यावर मी दिवा लावत नाई, साऱ्या मुलखाले माहीत हाय."

जानरावनं दाराची गोधडी ओढली, आणि घरात ऊन आलं. सूर्य चांगला कासराभर वर होता. समोरच्या कुडावर पिवळं ऊन पसरलेलं.

पुन्हा हशा. "सावजी, हा कोन हाय मंग? चंद्र हाय काय?"

सावजी डोळे बारीक करून उन्हाकडं पाहत म्हणाले, "तुमचा असन. माहा बुडला."

"पागल हाय," गुलाबमामा म्हणाला. "पन मजा आली बावा. बँडात एवढी मजा नाई." आणि जेलची गोष्ट तिथंच राहिली.

मायनं नेहमीप्रमाणं त्यांचं ताट वेळेत वाढून आणलं. साधं वरण, भात, ज्वारीची भाकर, गाळलेलं पाणी. "जेवून घ्या सावजी, दिवस हाय अजून."

ते ओसरीवर बसले होते. ताटाकडं पाहून हात जोडले. "नाई माय. मी माह्या तोंडानं म्हनलो का बुडला. आता जेवलो तं खोटं बोलल्यासारखं होईन."

"पानी तरी घ्या. सकाळपासून उन्हात हायेत तुमी."

"पानीबी सकाळीच."

माय पदर तोंडाला लावून आत गेली. मी त्यांच्याजवळ खांबाला टेकून उभा होतो. आत साक्षगंधाची तयारी चालू होती. समोर अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात तो माणूस सुकल्या ओठांनी बसून यंत्राच्या चाकाला तेल देत होता.

"सावजी," मी म्हणालो, "तुमचं नाव गेलं."

"माहं नावच झाकन हाय. गेलं तं काय उघडं पडनार हाय?" मग म्हणाले, "चूक माही होती बळीभाऊ. न पाह्यलेला पिच्चर आनला. जाय, तुह्या बहिनीचं साक्षगंध हाय."

साक्षगंध झालं. पुढं लग्नही झालं. सुमन आज आसेगावातच आहे, नातवंडांची आजी आहे, आणि गुलाबमामा मरेपर्यंत तिच्या हातचंच जेवला. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण मला शेवट दुसरीकडं करायचा आहे.

सावजींना मात्र त्यानंतर कोणी बोलावलं नाही. येड्याचा पिच्चर कोण बघणार? बातमी बाजारात गेली, बाजारातून चार गावांत. वर्षभरात त्यांनी यंत्र देऊन टाकलं आणि कारंजाला भावाच्या दुकानात जाऊन बसले. बऱ्याच वर्षांनी मी एकदा गेलो होतो. हळद तोलत होते. तोवर घरोघरी व्हिडिओ आला होता. नवीन पिच्चर निघाला की कॅसेट यायची, लोक रात्र रात्र बसायचे. मी विचारलं, "सावजी, पाह्यला काय व्हिडिओ?"

"पाह्यला. चांगला हाय. पन त्याले हात धराले जागाच नाई." मग तागडीकडं बघतच म्हणाले, "सुमन बरी हाय ना?"

त्यानंतर भेट नाही. पण पन्नासावजी म्हटलं की मला ते दुकान आठवत नाही. आठवते ती साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

त्यांना सकाळची गाडी धरायची होती. यंत्राची पेटी टेसनापर्यंत न्यायला जानरावचा गडी यायचा, तो त्या दिवशी आलाच नाही. "येड्याची पेटी कोन उचलते," असं तो पारावर म्हणाला होता. दिवस उगवून वर आला तेव्हा सावजींनी फडकं काढलं, पाणी गाळलं, अर्धा तांब्या प्याले आणि स्वतःच पेटीला हात घातला. पेटी त्यांना जमिनीवरून हलेना.

मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि पेटी डोक्यावर घेतली.

"बळीभाऊ, राहू दे. तू ओझं उचलत नाई."

मी गोठ्यामागच्या वाटेकडं वळलो नाही. सरळ रस्त्यानं निघालो. माय दारात उभी राहिली. मागून सावजी, दोन्ही हातांत रिळांचे डबे.

पारावर गुलाबमामा निंबाची काडी चावत बसला होता. गावातले सात-आठजण होते. मला पाहून तो म्हणाला, "अरे! नवरीचा भाऊ हमाल झाला काय? अन् तोबी ह्या येड्याचा?"

सगळे हसले. मी थांबलो. डोक्यावर पेटी असली की मान खाली घालता येत नाही. ती सरळच ठेवावी लागते, नाहीतर ओझं पडतं. दीड वर्षानं मी पहिल्यांदा पारावरच्या माणसांच्या डोळ्यांत बघत होतो.

"हे येडे नाईत, मामा," मी म्हणालो.

ऊन आमच्या पाठीवर होतं. सावजींची सावली माझ्या बाजूनं लांब जाऊन पाराच्या चौथऱ्यावर पडली होती. मी पुढं काय बोलणार ते त्यांनी ओळखलं. डबा खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या सावलीचा डावा हात वर उठला.

"काल ह्यायनं जे पहिल्यांदा झाकलं ना, ते माह्या घरचं होतं. माहा बाप अमरावतीच्या जेलात हाय."

सावलीचा हात अर्ध्यावर थांबला. तसाच राहिला. मग हळूहळू खाली गेला.

गुलाबमामानं तोंडातली काडी काढली. मागून सावजींचा आवाज आला, "चाल बळीभाऊ. गाडी सुटन."

मी पेटी सावरली आणि पारासमोरून टेसनाकडं निघालो.